निनावी गाण्यांचा तपास

५ जानेवारी २००९, सकाळी ९
छाती धडधडते. डॉक्टर म्हणतो, काही झालेलं नाही. मग धडधडते का? सून सारिका म्हणाली, "आबा, मन रमवा." ती सावंतवाडीला शाळेत गाणं शिकवते. इंटरनेटवरच्या एका परदेशी लायब्ररीत मध्ययुगातल्या समूहगीतांच्या स्वरलिप्या आहेत. त्यांची वर्गवारी करायचं काम तिला महिन्याच्या ट्रायलवर मिळालंय. जमलं तर कायम संपादक. पोरगी हवेत आहे. माझं काम : प्रत्येक गाण्यात किती आवाज, ते मोजून वहीत लिहिणे. बाकी कशाला हात लावायचा नाही.

६ जानेवारी
मोजणी हे कारकुनाचं काम. मी चाळीस वर्षं भजनात झांज वाजवली. इथे प्रत्येक गाण्यावर 'रचनाकार : निनावी'. वाईट वाटलं. (मंडळाच्या बोर्डावर माझंही नाव नाही. पण तो विषय वेगळा.)

७ जानेवारी, दुपारी
शोध लागला! संत आपलं नाव अभंगाच्या शेवटच्या ओळीत घालतो. हे गोऱ्यांना सांगायला कोणी नव्हतं. मी थेट शेवट बघितला. आमेन. दुसरं गाणं, आमेन. तिसरं, आमेन! इंग्रजी सातवीपर्यंतच, पण चार अक्षरं लागतात. नाव ऐकल्यासारखं वाटतं. मोठा माणूस असणार, उगाच का ऐकलं असेल?

९ जानेवारी
सारिका शाळेत गेल्यावर तिच्या कॉम्प्युटरवर 'निनावी' खोडून संताचं नाव घातलं. दोन बोटांनी, सत्तेचाळीस ठिकाणी. तिला आत्ताच सांगणार नाही. कायम झाली की स्वतःच म्हणेल, आबांचंही नाव घाला.
शंका : एक गाणं तेराव्या शतकातलं, एक पंधराव्या. योगी असणार.

१२ जानेवारी
आमच्या मंडळाचे बुवा दाजी यांना सांगितलं. ते म्हणाले, "इतको मोठो संत, आणि आपणाक म्हायत नाय? पुण्यतिथी करूया!" तारीख विचारली. वीस सांगितली. त्या दिवशी सगळे मोकळे आहेत. बोर्डावर माझं नाव येणार, 'संशोधक' म्हणून. धडधड बंद!

१८ जानेवारी, संध्याकाळी
लायब्ररीचं पत्र. सारिकाने वाचून दाखवलं. सत्तेचाळीस नोंदी चुकीच्या, ट्रायल रद्द. आमेन म्हणजे तथास्तु. तथास्तु! सगळं सांगून टाकलं. ती हसली. खूप हसली. मग डोळे पुसत राहिली, ते हसण्याचं नव्हतं बहुतेक. माफीचं पत्र लिहायला बसली. म्हटलं, "माझा नाव घाल गो, चूक माझी."
"ऱ्हवांदे आबा. लायब्ररीतला खाता माझ्या नावार आसा."
पत्रात माझं नाव कुठेच नाही.

१९ जानेवारी, सकाळी
पुण्यतिथी रद्द करायला दाजींकडे गेलो. अंगणात तालीम चाललेली. "आमेन महाराज की जय!" सगळे एका सुरात, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. भिंतीला बोर्ड टेकवलेला. त्यावर माझं नाव, रंग अजून ओला.
वाळला की सांगेन. सध्या झांज न्यायला घरी आलोय.