माह्या गुडघ्यानं सांगितलेला पाऊस

चिरंजीव मनकर्णाबाईस, अकोल्याले, मोठी बहीण मैनाबाईचे अनेक आशीर्वाद. इथं दर्यापुराकडं आमी समदे खुशाल. तुह्या घरची गाय व्याली का, ते लिहिजो. तुह्या छातीतली कळ जुनीच हाय, वैद्याले काय दाखवायचं, असं तू लिहिलं. त्याचं मागून पाहू. आधी माही फजिती ऐक.

माहे सांधे ठणकले की पाऊस येते, असा गावाचा भरवसा. (दोनदा खरा निघाला, तेवढ्यावर ही म्हातारी मिरवून राहिली.) यंदा समुद्रापार कुठं लढाई जुंपली म्हणून कापसाले सोन्याचा भाव. वेचलेला ढीग अंगणात, अन् सकाळीच माह्या अंगात कळ उठली, गुडघ्यापासून थेट बेंबीपर्यंत. मी पोराले म्हटलं, "महादेवा, पाऊस येते रे!" पोरानं आभाळ पाहिलं नाही, माहा गुडघा पाहिला. कापसानं माजघर भरलं, मग सैपाकघर. आता कापसात चूल कोण पेटवीन? सैपाक राहिला. दिवस चढला तशी कळ वाढली. मी ओरडली, "मोठा पाऊस हाय!" तर शेजारच्या पंजाबरावानंही आपला कापूस आमच्याच ओसरीत आणून टाकला. आभाळ कोरडं ठाक. शेवटी नातसून वच्छला शेजारून भाकर-ठेचा घेऊन आली अन् म्हणे, "आजी, पाऊस राहू द्या, कालपासून जेवल्या का तुमी?" भाकर पोटात गेली अन् पाऊस ओसरला!

समदे हसले, मी जास्त. मंग दुसरी भाकर मोडता मोडता उमगलं. मनकर्णे, इतकी वर्सं दुखणं अंगात राहिलं की आता तेच एकटं बोलते. सरकी काढायची चरखी सुरू असली की दारातली हाक ऐकू येत नाही, तसं. भूक हाका मारे, तहान हाका मारे, अन् मी समद्याले एकच नाव ठेवलं, सांधे. आता वच्छला विचारते, "हे गुडघ्यातलं का पोटातलं?" मी डोळे मिटून शोधतो. कधी सापडते, कधी नाही. पण या वयात आपल्याच अंगात नवं काही सापडलं, याचा लय आनंद.

तुही मैना

ता. क. कळ जुनीच हाय हे तुले कोणी सांगितलं? माह्यासारख्याच कानानं ऐकलं ना? पत्रामागून मीच बैलगाडीनं येऊन राहिली. दोघी वैद्यापुढं बसू.

आणखी एक. बाजाराले न्यायले गाडीवर कापूस चढवला होता, मले बसायले जागा करून द्यायले महादेव तो उतरवायले तयार नव्हता. मी गुडघ्यावर हात ठेवून नुसतं आभाळाकडं पाहिलं. एवढं होऊनही पोरानं समदा उतरवला.