कुपुना म्हणजे काय

मुहर्रक, बहारीन
ता. २० ऑक्टोबर १९९६

रश्मे, तुला आजीचा जयभीम. तुझ्या त्या नवऱ्याला, केआनूलाही सांग, त्याला कळो न कळो.

इकडं सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे मी आणि तुझा बाप. तुझी आई गेल्यापासून या घरात तिसरं कोण आहे? उकाडा अजून हटत नाही. एसी दमेकऱ्यासारखा घरघरतो आणि डोक्यावरून विमानं जातात. झोप म्हणून काही राहिली नाही. असो.

तुझं पत्र पोचलं. रस्त्यांच्या नावांना दोन पानं आणि तुझ्या तब्येतीला एक ओळ, हा काय हिशेब? पण तुमच्या बेटावरची नावं चांगली आहेत. नुउआनू म्हणजे थंड उंचवटा. आला मोआना म्हणजे समुद्राकडची वाट. इथं घराला नंबर, रस्त्याला नंबर, ब्लॉकला नंबर, तुरुंगातल्यासारखं. आणि एवढे नंबर असून टॅक्सीवाला विचारतोच, मशिदीच्या पुढं का मागं.

तू विचारलंस, बाबा माझी पत्रं फाडून टाकतात का. पोरी, या देशात टपाल दारात येत नाही हे विसरलीस? ते येतं कंपनीच्या पेटीत. तू न सांगता लग्न केलंस, त्यानं तुझ्यावर फोन आपटला, "तिचं नाव या घरात काढायचं नाही" म्हणाला, त्याच्या पुढच्या महिन्यापासून तुझं प्रत्येक पत्र त्यानंच पेटीतून आणलंय. चहाच्या डब्याखाली पाकिटाचा कोपरा दिसेल असं ठेवतो नि हातपाय धुवायला जातो.

मग मी वाचते. मला मोठ्यानंच वाचता येतं, प्रौढ वर्गात तसंच शिकवलं होतं, अक्षराला अक्षर लावून. तो पाठ करून पेपर धरून बसतो. मी अडखळले की पेपरामागून शब्द पुरवतो. वाईआलाए म्हणजे पाणकोंबडीचं पाणी, हे ऐकून त्याला हसू आलं. खोकल्यासारखं केलं, पण ते हसूच होतं. आता मला मनातही वाचता येतं. त्याला सांगू नकोस.

केआनूच्या पणज्याला शाळेत आपली भाषा बोलला म्हणून छड्या बसल्या आणि आता त्याच भाषेत रस्त्यांच्या पाट्या आहेत, असं तू लिहिलंस ना, तिथं तुझ्या बापानं पेपर खाली ठेवला. म्हणाला, "परत वाच."

तुला ठाऊक नसेल, त्यानं कधी सांगितलं नाही. गावात आमच्या वस्तीला लोकांनी जातीवरून नाव पाडलं होतं. ते मी कागदावर लिहिणार नाही. माझ्या गोपीनाथला मिसरूड फुटत होतं तेव्हा त्यानं पत्र्यावर 'सिद्धार्थनगर' रंगवलं आणि वाटेच्या तोंडाला ठोकून आला. सकाळी पाटीला शेण फासलेलं. यानं धुतलं. त्यांनी परत फासलं. यानं परत धुतलं. शेवटी फासणारे कंटाळले. असा हट्टी माणूस तुझ्याशी बोलायला किती वर्षं लावील याचा तूच अंदाज कर.

पण आता तेवढी वर्षं हाताशी नाहीत.

वर बरे आहोत लिहिलं, ते पत्रात लिहायची रीत म्हणून. उन्हाळ्यात तो वर्कशॉपमध्ये पडला. डॉक्टर हृदय थकलंय म्हणाले. ऑपरेशन सांगितलंय, हा म्हणतो गावी जाऊन बघू, म्हणजे बघणार नाही. कंपनीनं "आराम करा" म्हणून हात जोडले. नोकरी खलास. डिसेंबरात आम्ही परत जातो. पेटी कंपनीची, तेव्हा तीही जाईल. तुझी पत्रं हल्ली ऑफिसातला सिराज आणतो, रत्नागिरीकडचा. परवा दारातच म्हणाला, "मावशी, हे घ्या नातीचं. गोपीनाथभाय रोज फोन करून विचारतात, पेटी उघडली का म्हणून."

मी आत येऊन गोपीनाथकडं बघितलं. म्हणाला, "विजेच्या बिलाची वाट बघत होतो."

"विजेचं बिल मीटरवाला दारात टाकून जातो. ते तुझ्या ऑफिसात कधीपासून यायला लागलं?" म्हटलं. त्यानं पेपर तोंडासमोर धरला.

आता खरं ते. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की तुझ्या स्वतःच्या रस्त्याचं नाव कुपुना आणि त्याचा अर्थ आजी-आजोबा, आपल्या आधीची माणसं. ती ओळ मी मनात वाचली. त्याला ऐकवली नाही. पाकिटाच्या मागं तुझा पत्ता असतो, तो त्यानं इतक्या वर्षांत पाठ केला असणार. मी पत्राची घडी घातली तसा म्हणाला, "आणि कुपुना म्हणजे काय? ते लिहिलं नाही तिनं?"

"नाही," म्हटलं. "तू विचार."

पाकीट उलटं करून पुन्हा पत्ता वाचला. मग म्हणाला, "तूच लिही. म्हणावं, बाबा विचारतात."

तर लिहिते. बाबा विचारतात. मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

याचं उत्तर मला पत्रानं पाठवू नकोस. हे कागद जायला-यायला महिना खातात. शुक्रवारी सकाळी फोन कर. तुमच्याकडं तेव्हा गुरुवारची रात्र असते म्हणे, असू दे. एकदा त्यानं आपटला म्हणून तू धसका घेतलास. फोनच आपटला होता, तुला नाही. या खेपेला तोच उचलेल. मी मोरीत नळ सोडून भांडी घासत असेन, मला काही ऐकू येणार नाही.

अर्थ सांगशील तेव्हा आजोबा आधी सांग. केआनूच्या आईनं तुला पायऱ्या चढू नको म्हटलंय, ते तब्येतीच्या त्या एका ओळीत मला दिसलं; तीही मी मनातच वाचली. त्याला ते तुझ्या तोंडून कळू दे.

तू राहतेस त्या रस्त्याच्या नावाची,
आजी लीलाबाई