शेवट न सांगण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, पुस्तकबांधणीच्या कामातून निवृत्त झालेली बाई, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि या घरात बहुधा प्रथमच कोणाच्याही शिफारशीवाचून, हे मृत्युपत्र करीत आहे. यापूर्वी केलेले नाही. परवा डॉक्टर माझ्या हृदयाचा आलेख बघून "आता जपायला हवं" म्हणाले. ही एक शिफारस मी ऐकायची ठरवली आहे.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. यात भांडण्यासारखे काही नाही, तरी ते भांडतील.

२. टीव्ही आणि त्यावरचे माझ्या नावाचे खाते सुनेस. तसे ते आजही तिच्याच ताब्यात आहे. घरातले सगळे माझ्या नावाखाली बघतात, त्यामुळे मला कुस्ती, केक आणि श्रीमंत पोरांची प्रेमप्रकरणे यांचे वेड आहे अशी टीव्हीची समजूत झाली आहे. कोणत्याही मालिकेबद्दल सून म्हणते, "आई, पहिले दोन सीझन कसेबसे काढा, मग बघा कशी पकड घेते!" माझ्या वयाच्या बाईला दोन सीझन उधळायला सांगायला धाडस लागते. ते तिच्यात आहे, म्हणून टीव्ही तिलाच.

३. जावईबापू दर महिन्याला घरच्या ग्रुपवर 'सध्या काय वाचतोय' ही यादी तारे देऊन टाकतात. एकदा मी त्यांना कापडी बांधणीचे, पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव छापलेले जाडजूड पुस्तक भेट दिले. ती बांधणीची नमुना प्रत होती, आत सगळी पाने कोरी. त्या महिन्याच्या यादीत तिला चार तारे मिळाले आणि शेरा होता, 'विचार करायला लावणारं, शेवटी थोडं रेंगाळतं.' माझ्या कपाटातली बाकीची सर्व पुस्तके मुलीला द्यावीत. जावयांकडे ती एक प्रत आहेच, आणि ती त्यांनी अजून उघडलेली नाही.

४. स्पीकर, पुस्तके दाबायचा शिकंजा, सुया आणि कातर नातीला. ती मला रोज नवे गाणे पाठवते. बहुतेकांत गाणारा नुकताच झोपेतून उठवल्यासारखा कण्हत असतो. पण ढोल बडवणाऱ्या त्या चार पोरींचे गाणे मला मनापासून आवडले. पाने शिवताना मी तेच लावते, टाकेही सरळ पडतात. मला शेवटचे नेताना तेच लावावे, आणि मुलाने कितीही डोळे वटारले तरी नातीने आवाज कमी करू नये.

५. धाकट्या बहिणीस मी काहीही देत नाही. एक चमचादेखील नाही. कारण लिहून ठेवते.

एका बंदरावरच्या खुनाची मालिका आम्ही दोघी दर शनिवारी याच सोफ्यावर बसून बघत होतो. आयुष्यात मला एवढे काही आवडले नव्हते. शेवटचा भाग उरला होता. मी चहाचे कप घेऊन आले, तर ही घरातल्या सगळ्यांदेखत म्हणते, "ताई, कसली वाट बघतेस? त्या पोस्टमननंच मारलंय त्याला!" मी टीव्ही बंद केला, तिला दार दाखवले, आणि नंतर तिचा एकही फोन घेतला नाही. तो भाग मी आजवर पाहिलेला नाही. खुनी कळल्यावर बघायचे काय?

आता राग उरलेला नाही. तिची फार आठवण येते. पण इतक्या वर्षांनी आपण होऊन फोन करायचा तर माझा ताठा आड येतो.

वकीलबाईंनी सांगितले, की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार न झालेले बरे, आणि साक्षीदाराने माझ्या डोळ्यांदेखत सही करायला हवी. म्हणून धाकटीला काही नाही. ती मला साक्षीदार हवी आहे.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, शेजारचं कोणीही चालतं."

मी म्हटले, "मला चालत नाही."

तरी वकीलबाईंचा निरोप मिळताच तिने स्वतः इथे यावे. फक्त सहीपुरते आली तरी चालेल.

हे सर्व मी वाचून, समजून सही केली.

ठिकाण: बैठकीची खोली, टीव्हीसमोर
दिनांक: धाकटी येईल तो. (आली. आज, शनिवार.)

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे औषधवाले. सही.

साक्षीदार २: धाकटी बहीण. सही. ताईने माझ्यासमोर सही केली, मी तिच्यासमोर. शिवाय माझी साक्ष अशी, की पोस्टमनचं मी ठोकून दिलं होतं. शेवटचा भाग मी तरी कुठे पाहिला होता? तेच सांगायला फोन करत होते. अजूनही पाहिलेला नाही. तुझ्याशिवाय कसा बघणार? आता सरक तिकडे, आणि टीव्ही लाव.