कुंपणाखालून गेलेलं इंजिन

प्रिय दादा,

आपल्या दोन बागांमधलं मेंदीचं कुंपण कोणी छाटायचं यावरून आपण बोलणं टाकलं, त्याला तीन वर्षं झाली. तरी लिहायला बसलोय, कारण माझं इंजिन तुझ्या बागेत आहे.

खेळणं म्हणू नकोस हं! साठ वर्षं जुनं, खऱ्या वाफेवर धावणारं, मांजराएवढं इंजिन आहे. घड्याळजीकडून घेतलं. त्याने बजावलं होतं, "एकदा सुटलं की स्पिरिट संपेपर्यंत थांबत नाही. अर्धीच टाकी भरा." मी काठोकाठ भरली.

रूळ गोल टाकायचे ते चुकून सरळ पडले, असं लिहिणार होतो. पण तुझ्याशी खोटं बोललो की माझे कान लाल होतात. रूळ कुंपणाखालून तुझ्या बाकापर्यंत मीच सरकवले, पहाटे, पोटावर झोपून. काय करू? लहानपणी ड्रायव्हर कायम तू, मी नुसता झेंडेवाला. मला एकट्याला गाडी खेळता येतच नाही.

थांब, पलीकडून शिट्टी वाजली! म्हणजे तू पाणी भरलंस, नवं स्पिरिट घातलंस, पेटवलंसही.

पत्र राहू दे. हिरवं फडकं शोधतो आणि येतोच.

तुझा,
झेंडेवाला