सालसाच्या आधी राखी

गुरु. ९ सप्टें. ९९
कोपरखैरण्याला आल्यापासून मंडळाच्या मीटिंगला जातो, पण आजच्याएवढी किळस कधी आली नव्हती. यंदा गणपतीच्या सांस्कृ. कार्य.मध्ये सालसा, जोडीजोडीने नाचायचा. पोरं दोन महिने क्लासला घाम गाळतायत. आमच्या वैशूची जोडी शेजारच्या बोनकोडे गावातल्या नीलेशबरोबर. अध्यक्ष सावंत म्हणतात, "परक्या पोराचा हात कमरेला? तोही इथल्या मूळ गाववाल्याचा? बाप्पासमोर?" ह्यांचा स्वतःचा मुलगा नि सून पहिल्या नंबरावर नाचणार, ते मात्र चालतं.

मग तोडगा. नाचाआधी वैशूने स्टेजवर नीलेशला राखी बांधायची, म्हणजे कोणी नाव ठेवणार नाही. टाळ्या! "मोहिते, तुमी मुलीचे वडील, तुमचं काय?" "चालेल," म्हणालो.

घरी सौ.ने कपाळावर हात मारला. "अहो, दसऱ्याला नीलेशची आई मागणी घालायला येणाराय. विसरलात?"
विसरलो नव्हतो. तोंड उघडायची हिंमत झाली नाही, बस.

रवि. १२
वैशूला सांगितलं. राखी नाही तर नाच नाही.
"तुम्ही काय म्हणालात मीटिंगमध्ये?"
"सगळ्यांनी ठरवलं, मला कोणी विचारलंच नाही."
तिने चपला घातल्या. मग "बांधते" म्हणाली आणि प्रॅक्टिसला गेली. पोटच्या पोरीशी खोटं बोललो. थू.

गुरु. १६
राखी मीच आणली. रक्षाबंधन होऊन तीन आठवडे झाले, दुकानदाराने उरलेल्यांचं खोकं वरून काढलं. "आता कोणाला, साहेब?" पैसे दिले नि निघालो.

शनि. १८
कार्य. झाला. पाहुणे दीड तास उशिरा, मग भाषण, संस्कृती वगैरे. सावंतांची सून नाचली, पदर नाही, पाठ उघडी, पुढच्या रांगेतली बुजुर्ग मंडळी पापणी लववत नव्हती. सावंत माईकवर: "आमच्या घरची लक्ष्मी!" वन्समोअर.

मग वैशू-नीलेश. सावंतांनी स्वतः ताट धरलं. "हे आपले भाऊ-बहीण!" नीलेशने गुपचूप हात पुढे केला. वैशूने गाठ मारली, एकदाही वर न बघता. त्याची आई तिसऱ्या रांगेत. पदर तोंडाला.

आणि मग पोरगी काय नाचली! पाय जमिनीला लागत नव्हते. मला एकदम भरून आलं. मागून कोणी टारगट ओरडला, "भावाला जरा लांब धर!" सगळा मंडप हसला. सावंतही. मी मंडळाच्या चिटणीसाचा बिल्ला लावून बसलेलो. उठून एक कानाखाली द्यायची होती. बसून राहिलो.

रवि. १९
नीलेशच्या आईने शेजारणीकडून निरोप पाठवला. "सगल्यांसमोर भाऊ झाला तो. आता कंच्या तोंडानं मागनी घालू?"
सौ. जेवली नाही. सावंतांचा फोन, कार्य. फार छान झाला, पुढच्या वर्षीपण हीच पद्धत ठेवू म्हणे. फोन आपटला. दहा दिवस उशीर झाला आपटायला.

सोम. २०
संध्याकाळी नीलेश दारात. राखी मनगटावर तशीच.
"काका, आई म्हणते बांधलेली राखी आपल्या हातानं तोडू नये. तुमीच सोडा. तुमी हो म्हणालात ना मीटिंगमध्ये."
म्हणजे कळलंय. सगळ्यांनाच कळलंय. आत वैशू भाकऱ्या थापत होती, तो आवाज थांबला.

मान खाली घालून त्याचा हात धरला. गाठ घट्ट होती, नखाने सोडवू लागलो.
"थांबा बाबा." वैशू चौकटीत, हात पिठाचे. "गाठ मी मारलीय. आधी त्याला विचारा, हात पुढे का केला?"

नीलेशने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मीही तेच केलं होतं, मीटिंगमध्ये मुकाट्याने हो म्हणून.
तिघंही तसेच उभे. आत तव्यावरची भाकरी करपली, गाठ तशीच राहिली.