जिन्यावरून पडला म्हणे

सूनबाई,

तुझ्या नवऱ्याचा हात कारखान्यात मशीनमध्ये सापडला हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक, आणि मला मात्र तुम्ही दोघांनी जिना सांगितलात. आई घाबरेल म्हणे. तुझ्या कानात खरं आणि माझ्या पदरात जिना. पोर माझं, आणि बातमी मला शिळी.

मग दवाखान्यात तू औषधाच्या रांगेत होतीस, तो कण्हत होता, आणि डॉक्टरांनी मला विचारलं. मी ठणकावून सांगितलं, जिन्यावरून पडला. त्यांनी तेच लिहिलं. आता कारखानेवाले म्हणतात, घरच्या जिन्याची भरपाई आम्ही का द्यावी?

म्हणून मी दवाखान्यात चालले आहे. मी बोलले ते ऐकीव होतं, असं माझ्या सहीने लिहून देते. दुपारी कारखान्याचा मुकादम येईल. त्याला पाणी दे, चहा दे, पण त्याच्या कुठल्याही कागदावर माझ्या पोराला सही करू देऊ नकोस. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्याकडून तारीख घालून लिहून घे. दवाखान्याचे कागद पिठाच्या डब्यामागे आहेत. कुणी मागितले तर झेरॉक्स दे.

पोराला मी आल्यावर भरवीन. तुझा घास मोठा असतो.

तू न्हाणीत होतीस तेव्हा दाराशी उभी राहून मोठ्याने बोलले. नळाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून तेच लिहिते: "सूनबाई, तू नवरा सांभाळलास, घर नाही सांभाळलंस. सासूला परकी ठेवलीस की घरचीच साक्ष उलटायची."