दोर कोणी सोडला

पुलगाव
रविवार, ता. ९ नोव्हेंबर १९८६

ती. चंद्रभान भाऊस,

धाकट्या नलूचा नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. तू, तुझ्या घरची आणि मुलगी, सगळे बरे असाल असे धरून चालते. मुलगी आता दहा वर्षांची झाली असेल. तिचे नाव तू कळवले नव्हतेस आणि मीही विचारले नव्हते.

नऊ वर्षांनी पत्र आले म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेले नाही. बाबा गेले ते तुझ्या कार्डाच्या आधीच. माय नाचणगावच्या घरीच आहे. गुडघे धरतात, पण तोंड अजून शाबूत आहे.

आमच्याकडची मोठी बातमी म्हणजे ह्यांनी गणपतीत टीव्ही आणला. किराणा दुकानदाराने हा थाट करावा का, असे मी विचारले, तर म्हणाले, "तुले नाई पाहाचा तं नको पाहू." आता दर रविवारी सकाळी हे छपरावर चढून अँटेनाचा बांबू फिरवतात आणि मी खालून ओरडते, "आलं! गेलं! मुंग्या आल्या!" दहाला 'राख के दिन' लागते. तोपर्यंत आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नसते. माय नाचणगावहून पायी येते, गुडघे दुखत असूनही.

तुमच्या भिलाईत टीव्ही असेल, तूही पाहत असशील. नसशील तर गोष्ट अशी. मोठी लढाई होऊन जग जळून गेले आहे. वर नुसती राख, आणि अकरा माणसे एका जुन्या कोळशाच्या खाणीत जीव मुठीत धरून राहतात. पाणी संपत येते तेव्हा रघुवीर नावाचा माणूस कमरेला दोर बांधून वर जातो. खाली त्याची बायको दोर धरून बसते. दोर एकदम सैल पडतो. ओढतात तर नुसता दोर येतो, माणूस नाही. त्याला आता चार रविवार झाले. रघुवीरचा पत्ता नाही आणि पुलगावला झोप नाही.

प्रत्येकाचे वेगळे. लक्ष्मणराव दारूगोळ्याच्या डेपोतून रिटायर झालेले, ते म्हणतात, "दोर जळला. वरची हवाच जहरी आहे. मी तीस वर्सं बारुदाच्या बाजूनं काढली, मले नका सांगू." कापडवाले हिरालाल म्हणतात, "कुछ नहीं भाई, उसको बंबई में फिल्लम मिल गई. अब नहीं आता वो." शेजारच्या वच्छलाबाईंचे लक्ष त्याच्या बायकोच्या कपाळावर. "पाहा, टिकली हप्त्या-हप्त्यानं बारीक करून राह्यली. गेला थो." आणि आमचे हे म्हणतात, शेवटच्या भागात तो खाटेवर जागा होईल आणि सगळे स्वप्न निघेल. ह्यांना नेहमी असेच वाटते.

माय कोणाचे ऐकत नाही. ती एकच बोलते, "उपाशी असन गं थो."

कोपऱ्यात वाती वळत बसलेली एक बाई मात्र एका रविवारी म्हणाली, "कापला नाई न् जळलाबी नाई. टोक पाहा ना, पीळ तसाच आहे. त्यानं हातानं गाठ सोडली."

हिरालालनी विचारले, "काऊन सोडन पण?"

"वर दुसरी माणसं दिसली असन त्याले," ती म्हणाली आणि पुन्हा वाती वळू लागली. मी चहा टाकायला उठले.

आता कामाचे लिहिते. गेल्या रविवारी खाणीतल्या लोकांनी रघुवीरचा सदरा दगडावर ठेवून जाळला. आता त्याची वाट पाहायची नाही म्हणाले. आपले नानाजी काका तिथेच बसले होते. डोळे पुसत म्हणाले, "यायले महिनाभरात समजलं. आपुन बारा वर्सं त्या पोराचा जीव लटकवून ठेवला." तिथून उठले ते थेट भटजींकडे गेले. बारा वर्षे पत्ता नसला की काय करतात ते तुला माहीत आहे. पळसाच्या पानांचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ. कार्तिक अमावास्या धरली आहे, सोमवार, १ डिसेंबर. वर्धेच्या काठावर तुला जाळणार आहेत, भाऊ.

म्हणून ये. यायला जमत नसेल तर मायच्या नावाने चार ओळी टाक. आणि एवढे माझे ऐक. जणू पहिल्यांदाच लिहितो आहेस असे लिही. जुन्या कार्डाचे नाव काढू नकोस. कारण विचारू नकोस.

वाट पाहते.
तुझी धाकटी बहीण,
नलू


पुलगाव
रविवार, ता. २३ नोव्हेंबर १९८६

भाऊ,

चौदा दिवस झाले. पोस्टमन आमच्या दारावरून सायकल न थांबवता जातो. हे पत्र रजिस्टरने, पोचपावतीसह पाठवते आहे. मिळाले नाही असे तुला म्हणता येऊ नये.

मागच्या पत्रात मी तुला एक बाई, एक बाई म्हणून लिहिले. वाती वळणारी ती बाई म्हणजे कोकिळावहिनी. तुझी बायको.

तू दचकला असशील. सत्त्याहत्तर साली मीच तुला लिहिले होते की कार्ड सगळ्यांना वाचून दाखवले, वहिनीच्या भावाने अल्लीपूरला पाट लावून तिचे दुसरे लग्न करून दिले, ती तिच्या दुसऱ्या घरी सुखात आहे, आणि माय म्हणते की तू आता येऊ नकोस, लिहूही नकोस. त्यातले एक अक्षर खरे नव्हते. मायला काही माहीत नाही. वहिनी कुठेही गेलेली नाही. तू आर्वीच्या बैलबाजाराला म्हणून छोट्या आगगाडीत बसलास, तेव्हापासून ती त्याच घरात आहे. तुझ्या नावाचे कुंकू लावते आणि मायचे गुडघे चोळते.

तुझे कार्ड आले त्या दिवशी मी नाचणगावलाच होते. घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून पोस्टमनने माझ्याच हातात दिले. माय चुलीपाशी होती, वहिनी विहिरीवर. मी वाचले. तू भिलाईत घर केलेस, तुला मुलगी झाली. "कोकिळेला सांग, वाट पाहू नको. तिने तिचे पाहावे, माझी हरकत नाही." मायने आतून विचारले, "कोणाचं कार्ड गं?" मी म्हटले, "बियाण्याच्या दुकानाचं." एवढेच. विचार करून नाही केले, तोंडातून गेले. पण दुसऱ्या दिवशी सांगता आले असते. तिसऱ्या दिवशी आले असते. ते मी विचार करूनच नाही सांगितले.

कारण लिहिते, ते तू वाच. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. माझे लग्न नवे, मला दिवस गेलेले, सासूबाई कडक. वहिनीचा पाट लागला असता तर मायजवळ कोण राहिले असते? मी. आणि लेकीच्या घरी आई कशी ठेवायची? सासूबाईंनी उंबऱ्यातच दोघींना ऐकवले असते. मला ते नको होते. माझ्या सोयीसाठी मी वहिनीला तिथे बसवून ठेवले. इतकी साधी गोष्ट आहे.

तिचे भाऊ बाबाराव दोनदा स्थळ घेऊन आले होते. आपल्यात पाट लागतोच, त्यात कोणी काही बोलले नसते. दोन्ही वेळा मी तिथेच होते. वहिनी म्हणाली, "माणूस जिता आहे का नाई ते मले माहीत नाई. जिता असला न् एखाद्या दिवशी दारात आला तं कोणत्या तोंडानं पाहू?" बाबाराव उठून गेले. तिने मला चहा दिला. मी तो प्याले, भाऊ. कार्ड माझ्या ट्रंकेत लग्नाच्या शालूच्या घडीत होते.

आता पुढच्या सोमवारी पुतळा जाळला की तिचे कुंकू पुसतील, बांगड्या फोडतील. वच्छलाबाईंनी ते काम आपणहून अंगावर घेतले आहे. तू भिलाईत जेवत असशील त्या वेळी तुझी बायको इथे विधवा होईल. मी तोंड उघडले तर माझे घर माझ्यावर उलटेल. नाही उघडले तर हे असे होईल. तू येऊन दारात उभा राहिलास तर मला काही बोलावेच लागणार नाही. हेही मी माझ्याच सोयीचे मागते आहे, ते मला कळते.

तरी ये.

नलू


पुलगाव
बुधवार, ता. ३ डिसेंबर १९८६

भाऊ,

पोचपावती मिळाली. सही तुझीच आहे, च ला तसेच लांब शेपूट. २७ तारखेला तुला पत्र मिळाले होते. त्या दिवशी गाडीत बसला असतास तर २८ ला पुलगावला उतरला असतास.

रविवारी दहा वाजता सगळे आले. उद्या विधी, तरी आले. वहिनी मायला हाताला धरून घेऊन आली. आणि त्या दिवशी रघुवीर दिसला. डोंगराच्या पलीकडे गाव शिल्लक होते, विहिरीला पाणी होते, आणि तो ओसरीवर बसून जेवत होता. एक बाई त्याला वाढत होती. ह्यांनी टाळी वाजवली. हिरालाल म्हणाले, "अरे, ये तो सच्ची में निकल गया!" माय मात्र गुडघे विसरून उभी राहिली. "जिता आहे! पाहा, मी म्हणत होतो ना! जेवून राह्यला!" ती हसत होती, टाळ्या पिटत होती, आणि मग एकदम खाली बसली. म्हणाली, "माह्या चंद्रभानचं मात्र उद्या आहे."

मी तेव्हाही बोलले नाही. वहिनी टीव्हीकडे पाहत होती, मी वहिनीकडे.

सोमवारी सकाळी सगळे नदीवर गेले. मी मागे राहिले, पोस्टमनसाठी. दहाला तो आला, पावती दिली. मी ट्रंकेतून कार्ड काढले आणि निघाले. चालत नाही, पळत. रस्त्यात लोक पाहत होते.

पुतळा रेतीवर ठेवलेला होता, धोतर नेसवलेला. भटजी मंत्र म्हणत होते. वहिनी पूर्वेकडे तोंड करून बसली होती आणि वच्छलाबाईंनी तिचा हात धरला होता. मी म्हटले, "थांबा. भाऊ जिता आहे." नानाजी काकांना वाटले माझे डोके फिरले. मी कार्ड वाचले. मोठ्याने, सगळ्यांपुढे, तारखेसकट. मग पावती मायच्या हातात दिली आणि सांगितले, ही त्याची सही, चार दिवसांपूर्वीची. मायला वाचता येत नाही. तिने शाईवरून अंगठा फिरवला.

कोणी ओरडेल असे मला वाटले होते. हे एकटे म्हणाले, "नलू, काय केलं तू हे?" त्यानंतर अजून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

वहिनीने विचारले, "कवाचं आहे कार्ड?"

"सत्त्याहत्तरचं."

"माह्याबद्दल लिहिलं तेवढं परत वाचा."

मी वाचले. तिने आणखी एकदा वाचायला लावले. मग म्हणाली, "मी बावीस वर्साची होती तवा." वच्छलाबाईंच्या हातातून स्वतःचा हात तिने काढून घेतला. रडली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "नलूबाई, त्यानं तरी लिहून कळवलं होतं. तुम्ही तं दर हप्त्याले माह्या हातचा चहा पेऊन गेल्या."

नानाजी काकांनी भटजींकडे पाहिले, भटजींनी मायकडे. माय म्हणाली, "जित्या माणसाले जाळत नाई. उचला ते." पुतळ्याच्या गाठी सोडून पाने नदीत टाकली.

काल बाबाराव बंडी घेऊन आले. वहिनी अल्लीपूरला गेली. नेसूची दोन लुगडी, दळायचे जाते, आणि तिची म्हैस मागे बांधून. तुझ्या घरातले बाकी काही तिने घेतले नाही. मी नाचणगावला गेले होते. मायच्या पाया पडले, म्हटले, माय, माझ्या घरी चल, कोणी काही म्हणो, मी ठेवते तुला. खरेच म्हटले, भाऊ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरे.

माय म्हणाली, "तुह्या घरी कायले येऊ? मले हिनं जगवलं. मी हिच्यासंग जातो."

सुनेच्या माहेरी जाऊन राहणारी सासू तू ऐकली आहेस का? बाबारावांनी बंडीत गवत पसरून तिला बसायला जागा केली. मी तुझ्यासाठी निरोप मागितला. तिने दिला नाही. माझ्यासाठीही काही बोलली नाही. बंडी हलली तेव्हा ती वहिनीला विचारत होती की दुपारच्या भाकरी बांधून घेतल्या का.

नाचणगावच्या घराला कुलूप आहे, किल्ली नानाजी काकांकडे. तुला लिहायचे असेल तर अल्लीपूरला, बाबारावांच्या पत्त्यावर लिही. वाचून दाखवायला तिकडे दुसरे कोणीतरी असेल.

तुझ्यासारखीच,
नलू